केमो चालू असताना फॉलिक ॲसिड: मावशीला बंद, शेजारच्या काकांना सक्तीचं. हे कसं काय?

केतकीचं_बन | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मावशी (वय ६३) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आता कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांवर आहे. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. दुसऱ्या फेरीत हातापायांचे तळवे लालबुंद झाले, तोंड आलं, जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, घरात जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून आणा. पिशवीतून निघालं ते असं: अमेरिकेहून मामेभावाने पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची भली मोठी बाटली, शेजारणीने दिलेल्या व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, आणि वहिनीच्या बाळंतपणातल्या उरलेल्या लोहाच्या लाल गोळ्या. (आमच्याकडे औषध फेकणं म्हणजे अन्न फेकण्यासारखं.) डॉक्टरांनी लाल गोळ्या आणि ती बाटली उचलून बाजूला ठेवली. "यात फॉलिक ॲसिड आहे. आजपासून बंद."

इथवर ठीक. पण डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर एक काका असतात. त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर, पेमेट्रेक्सेड नावाचं सलाईन लागतं. त्यांना त्याच डॉक्टरांनी बजावलंय की फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायचीच, एक दिवस चुकवायची नाही. मावशीने हे ऐकलं आणि घरी येताना रिक्षात मला विचारलं, "माझ्यावर राग आहे का गं त्यांचा?"

मी बी.कॉम. मला एवढंच सांगा, हे व्हिटॅमिन कॅन्सरची पेशी वाढवतं की मारतं?


झणझणीत_रस्सा | सोमवार, रात्री ९:५२

मी पयला!
उत्तर: दोन्ही. सविस्तर सांगणारे येतीलच, मी चिवडा घेऊन बसलोय.
(मावशींना लवकर बरं वाटो.)


निसर्गमित्र_७७ | सोमवार, रात्री १०:१५

ताई, डॉक्टर लोकांना पोषणाचं शिक्षण जेमतेम असतं. कॅन्सर हा मुळात व्हिटॅमिनच्या कमतरतेचा आजार आहे. बी१७ बद्दल वाचा. जर्दाळूच्या बियांमध्ये भरपूर असतं. औषध कंपन्यांना ते नको आहे कारण त्याचं पेटंट मिळत नाही.


पेशीवेल्हाळ | सोमवार, रात्री ११:३०

केतकी, मावशींना सांग की डॉक्टरांचा राग नाही, उलट बारीक लक्ष आहे. मी पेशींवर काम करते (डॉक्टर नाही, पीएच.डी.वाली), त्यामुळे जमेल तसं सांगते.

फॉलिक ॲसिड म्हणजे बी९. शरीरात त्याचं काम हमालाचं. एक कार्बन उचलायचा आणि हवा तिथे नेऊन टाकायचा. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो, त्यातलं 'टी' हे अक्षर तयार होताना शेवटचा कार्बन हा हमाल आणून देतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या असतील तर आधी सगळा डीएनए पुन्हा लिहून काढावा लागतो. टी संपलं की लिखाण ठप्प. जी पेशी घाईघाईने वाढतेय तिला हमाल जास्त लागतात. कॅन्सरच्या पेशीला लागतात, तसेच आतड्याच्या अस्तराला, तोंडाच्या आतल्या त्वचेला आणि हाडांतल्या मगजालाही लागतात. हमाल कोणाकडे काम करतोय ते बघत नाही.

आता मावशींची गोळी. कॅपेसिटाबिनचं शरीरात ५-एफयू नावाचं केमोचं औषध होतं. त्याचं एक रूप टी बनवणाऱ्या यंत्रात कच्चा माल असल्याच्या आविर्भावात शिरतं आणि तिथेच अडकून बसतं. पण हे अडकणं त्याला एकट्याला जमत नाही. औषध, यंत्र आणि फोलेट (म्हणजे तोच आपला हमाल) अशी तिघांची मिळून गाठ बसते. फोलेट जितकं जास्त तितकी गाठ घट्ट, सुटायला तितकी अवघड. म्हणजे लाल गोळीमुळे कॅन्सर वाढत होता असं नाही, औषधाचा मारा वाढत होता, आणि तो निरोगी पेशींनाही बसत होता. तळवे नुसत्या कॅपेसिटाबिननेही सोलतात, पण फॉलिकने त्यात भर पडू शकते. म्हणून बंद.

काकांचं सलाईन वेगळ्या चालीचं. पेमेट्रेक्सेड दिसायलाच फोलेटसारखं आहे. हमालाचा बिल्ला लावून आत जातं आणि एक नाही, तीन यंत्रांना कुलूप घालतं. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की माणसं दगावली. मागचं रक्त तपासून पाहिलं तेव्हा दिसलं की ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन चढलेलं, म्हणजे ज्यांच्याकडे फोलेट आणि बी१२ची चणचण, त्यांनाच जास्त फटका बसला होता. मग १९९९ पासून सगळ्यांना रोज थोडं फॉलिक आणि दर नऊ आठवड्यांनी बी१२चं इंजेक्शन द्यायला सुरुवात झाली. त्रास घटला आणि औषधाचा परिणाम कमी झाला नाही. काकांची गोळी ही औषधाचीच जोडगोळी समज.

बी१७ वर उद्या लिहिते. आत्ता लिहिलं तर रागात लिहिलं जाईल.


शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:०५

छान समजावलंत. पण शंका आहेच (नावाला जागलं पाहिजे). काकांनी घेतलेलं फॉलिक त्यांच्या ट्यूमरला पोचत नाही का? ट्यूमर म्हणेल, आयतं मिळालं!


पेशीवेल्हाळ | मंगळवार, सकाळी ८:२०

@शंकासुर, पोचतं की. पण मात्रा छोटी, आणि औषध एकदा पेशीत शिरलं की पेशी त्याला एकामागून एक शेपट्या जोडते. शेपट्या लागल्यावर बाहेर पडता येत नाही, आणि कुलूप आणखी घट्ट बसतं. हे शेपट्या जोडणं ट्यूमरच्या पेशींत जास्त होतं, निरोगी पेशींत कमी. त्या फरकावर खेळ आहे.

एक गंमत. हे रसायन ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते प्रिन्स्टनचे एडवर्ड टेलर. त्यांना या कुळाची ओढ लागली ती फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगांवरून. पंखांतला तो रंग आणि फॉलिक ॲसिडचा एक तुकडा एकाच घराण्यातले.


झणझणीत_रस्सा | मंगळवार, सकाळी ८:३१

हमाल, शेपट्या, फुलपाखरं. दहावीला तुम्ही असता तर मी सायन्सला गेलो असतो.


तात्या_चौकस | मंगळवार, सकाळी ९:१०

माझा अनुभव कॅन्सरचा नाही, पण याच गल्लीतला आहे. मला अकरा वर्षं संधिवात. मेथोट्रेक्सेट (हेही फोलेटची वाट अडवणारं औषध) आठवड्यातून एकदा, रविवारी. फॉलिक ५ मिग्रॅ बुधवारी. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही चिमुकल्या. एकदा सौ. माहेरी गेल्या असताना मी अदलाबदल केली आणि मेथोट्रेक्सेट लागोपाठ तीन दिवस घेतली. चौथ्या दिवशी तोंडात इतके फोड की पाणी गिळवेना. दवाखान्यात भरती, आणि तिथे शिरेतून जे दिलं ते काय, तर फोलिनिक ॲसिड. म्हणजे फोलेटचाच भाऊ. डॉक्टर म्हणाले, आजोबा, ही रोजची गोळी समजून घेणारे तुम्ही पहिले नाही, पण वेळेवर आलात.

आता दोन वेगळ्या डब्या आहेत. मेथोट्रेक्सेटच्या डबीवर सौ.नी नेलपॉलिशने र काढलाय.


औषधवाली | मंगळवार, सकाळी १०:४५

तात्या, हे वाचून अंगावर काटा आला. साताऱ्यात माझं मेडिकल आहे. मेथोट्रेक्सेट देताना मी पाकिटावर वार लिहिते आणि गिऱ्हाईकाकडून मोठ्याने म्हणवून घेते. लोक हसतात, हसू देत.

केतकीताई, पिशवी नेण्याचं काम उत्तम केलंत. आपल्याकडे फॉलिक कुठे कुठे लपलेलं असतं ते सांगते. सरकारी लाल गोळी म्हणजे ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, ती एकटी लोहाची नसतेच. बहुतेक आयर्न टॉनिकात असतं. बी-कॉम्प्लेक्सच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये असतं. ज्येष्ठांसाठीच्या प्रोटीन पावडरीत असतं. हातापायाला मुंग्या येतात म्हणून जी बी१२ची गोळी सर्रास दिली जाते तिच्यात बऱ्याचदा मिथाइलफोलेट नावाने असतं, आणि ते नाव ओळखू येत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत वाचा, नाहीतर दुकानदाराला विचारा. "केमो चालू आहे" हे काउंटरवर सांगायला लाजू नका.


वाचनवेडी_वैजू | मंगळवार, दुपारी २:३०

सगळे यंत्रांबद्दल बोलताहेत म्हणून थोडा इतिहास. ही कथा आपल्या परळची आहे हे किती जणांना माहीत आहे?

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. हा पंडुरोग साधा लोहाच्या कमतरतेचा नव्हता, यात तांबड्या पेशी अवाढव्य दिसायच्या. विल्सबाईंचं काम हाफकिन इन्स्टिट्यूटमधून चाले. आधी जंतू शोधले, मग बायकांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. प्रयोगासाठी माकडं होती. शेवटी उपाय सापडला तो मार्माईटमध्ये. मार्माईट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट लगदा, इंग्रज लोक ब्रेडला लावून खातात. तो दिल्यावर बायका आणि माकडं दोन्ही सुधारली. १९३१ साली त्यांनी हे छापलं. त्यातल्या अज्ञात पदार्थाला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये टेक्सासात चार टन पालक उकळून तो वेगळा काढला, आणि पान म्हणजे 'फोलियम' यावरून फॉलिक ॲसिड हे नाव पडलं.

पुढचं नाट्य बॉस्टनमध्ये. सिडनी फार्बर हे मुलांच्या इस्पितळातले पॅथॉलॉजिस्ट. या पदार्थाने रक्त सुधारतं तर ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांचंही सुधारेल, असं वाटणं साहजिक होतं. पण फॉलिक ॲसिडची रूपं दिल्यावर ल्युकेमिया जास्तच जोरात पसरताना दिसला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. यांनी उलटा विचार केला. खाऊ घालून वाढतोय, तर उपाशी मारता येईल का? त्यासाठी फोलेटचे बनावट जुळे हवे होते. ते तयार केले लेडर्ली कंपनीतल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे, १८९५चा जन्म. त्यांचे भाऊ स्प्रू या आतड्याच्या रोगाने गेले होते, आणि त्या रोगात जे कमी पडतं त्यात फोलेट आहेच. अमिनोप्टेरिन हे त्यांचं औषध फार्बरनी १६ मुलांना दिलं, १० मुलांमध्ये रोग मागे हटला. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रोग काही महिन्यांनी परतला, पण औषधाने मुलांचा तीव्र ल्युकेमिया मागे हटतो हे पहिल्यांदा दिसलं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. तात्यांची रविवारची गोळी अमिनोप्टेरिनची धाकटी बहीण.

हाफकिन आणि टाटा मेमोरियल दोन्ही परळमध्येच. एका आवारात फोलेट शोधलं, दुसऱ्यात रोज त्याची वाट अडवतात. परळला गेले की मला हे हटकून आठवतं.


शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:०२

+१११. वैजूताई, स्वतंत्र लेख टाका याचा.


गोंयचो_पाव | मंगळवार, दुपारी ३:२०

मार्माईट खाल्लंय. बोटीवर होतो तेव्हा. त्यापेक्षा ॲनिमिया परवडला.


कॅनडाकर_काका | मंगळवार, रात्री ११:५०

इकडे आत्ता दुपार आहे. माझंही थोडं.

मी टोरांटोत तीस वर्षं आहे. मोठ्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला तेव्हा मी घाबरून व्हिटॅमिन ई सुरू केलं, ४०० युनिटची मऊ जेलची गोळी. त्या काळी इकडे सगळेच घेत. मग त्यावर मोठी चाचणी झाली, अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको मिळून ३५,५३३ पुरुष. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमने प्रोस्टेट कॅन्सर टळतो का, हा प्रश्न. २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, कारण फायदा दिसेना. २०११ मध्ये पुढचा हिशोब आला. नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त. टळायचं राहिलं बाजूला.

मी उरलेली अर्धी बाटली कचऱ्यात टाकली. बायको म्हणाली, "सेलवर घेतली होती, तेव्हाच सांगत होते."


निसर्गमित्र_७७ | बुधवार, सकाळी ६:४०

या सगळ्या कृत्रिम गोळ्या होत्या. नैसर्गिक स्रोतातून घेतलं तर असं होत नाही. गाजराचा रस घ्या, त्यातलं बीटा कॅरोटीन कॅन्सर होऊच देत नाही.


शंकासुर | बुधवार, सकाळी ७:१५

मी दिवसाला आठ सिगारेटी ओढतो आणि त्यावर उतारा म्हणून गाजराचा रस पितो. चालेल ना?


पेशीवेल्हाळ | बुधवार, सकाळी ९:००

@शंकासुर, गाजर खा, सिगारेट सोड. आणि उतारा म्हणून बीटा कॅरोटीनच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नकोस, कारण नेमका तुझ्यासारख्यांवर तो प्रयोग झालाय. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष घेतले, वय ५० ते ६९. काहींना रोज २० मिग्रॅ बीटा कॅरोटीन, पाच ते आठ वर्षं. अपेक्षा होती फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होण्याची. १९९४ मध्ये निकाल आला: १८ टक्के जास्त. अमेरिकेत असाच प्रयोग चालू होता, धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ जण. त्यात बीटा कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन एसुद्धा होतं. तिथे २८ टक्के जास्त दिसले आणि जानेवारी १९९६ मध्ये तो २१ महिने आधीच थांबवला. अमेरिकेतल्या २२ हजार डॉक्टरांवर मात्र बारा वर्षांत ना फायदा दिसला ना तोटा, त्यांच्यात सिगारेट ओढणारे थोडेच होते.

ॲन्टिऑक्सिडंट म्हटलं की आपल्याला पहारेकरी आठवतो. पण कॅन्सरच्या पेशीचा स्वतःचाच संसार धुराचा असतो, ती सतत ऑक्सिजनच्या ठिणग्यांच्या ताणाखाली जगते. स्वीडनमध्ये २०१४ साली उंदरांवर दाखवलं की फुफ्फुसात आधीच गाठीची सुरुवात झालेली असताना व्हिटॅमिन ई दिलं तर गाठी जोमाने वाढतात. ठिणग्या विझल्या की पी-५३ हा पेशीतला फौजदार निवांत होतो. पाणी मारलं ते चोराच्या घरावर.

निसर्गमित्र, आता बी१७. ते व्हिटॅमिन नाहीच. नसल्यामुळे कुठलाही आजार होत नाही त्याला व्हिटॅमिन म्हणत नाहीत. तो अमिग्डालिन, आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ कॅन्सरच्या रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. ट्यूमर आटले नाहीत, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या जवळ गेलं. कडू बिया कृपा करून कुणाला सुचवू नका. या धाग्यावर खरे रुग्ण वाचताहेत.


निसर्गमित्र_७७ | बुधवार, सकाळी ९:४०

तुम्हाला पटत नसेल तर राहिलं. मी चांगल्या हेतूनेच लिहिलं होतं.


केळीचं_पान | बुधवार, सकाळी ११:१०

निसर्गमित्रांवर सगळे तुटून पडू नका, त्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. चीनमध्ये लिनशियान म्हणून भाग आहे, तिथे अन्ननलिकेचे आणि जठराचे कॅन्सर फार. लोकांच्या जेवणातच व्हिटॅमिनचा दुष्काळ. तिथे जवळपास ३० हजार लोकांना बीटा कॅरोटीन, ई आणि सेलेनियम एकत्र दिलं आणि जठराच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले (१९९३). म्हणजे ताट रिकामं असेल तर वाढल्याचा उपयोग होतो. फिनलंडमध्ये ताट भरलेलंच होतं.


खुर्चीतली_प्रवासी | बुधवार, दुपारी १:००

व्हिटॅमिनने कॅन्सर बरा झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून लिहिते. भाचा, तेव्हा वीस वर्षांचा. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. निदान प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. त्यात पहिल्या दिवशी जे दिलं ते केमो नव्हतं, व्हिटॅमिन 'ए'चं एक रूप होतं, कॅप्सूलमध्ये. मी डॉक्टरांना विचारलं, एवढ्या मोठ्या रोगाला व्हिटॅमिन? ते म्हणाले, याच्या पेशी लहान मुलासारख्या अडकल्यात, मोठ्याच होत नाहीत. हे त्यांना मोठं करतं, मग त्या आपोआप आपल्या वेळेला मरतात.

नंतर वाचलं की ही कल्पना शांघायच्या वांग झेनयी यांची. १९८५ मध्ये पाच वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा दिलं, १९८८ मध्ये २४ रुग्णांचे निकाल छापले. आता त्याच्या जोडीला आर्सेनिक देतात आणि या एका प्रकारात दहापैकी नऊहून जास्त लोक बरे होतात. भाचा आता नोकरी करतो आणि माझे फोन उचलत नाही, म्हणजे ठणठणीत आहे.


निसर्गमित्र_७७ | बुधवार, दुपारी १:२५

आर्सेनिक म्हणजे आपलं सोमल! आपल्या वैद्यांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. बघा!


खुर्चीतली_प्रवासी | बुधवार, दुपारी १:५०

अहो, सोमलच. पण शिरेतून, मोजून, आणि दर थोड्या दिवसांनी ईसीजी काढून. व्हिटॅमिनच्या कॅप्सूलनेसुद्धा दुसऱ्या आठवड्यात त्याला ताप आणि धाप लागून आयसीयूत न्यावं लागलं होतं. घरी पुड्या बांधून घ्यायची गोष्ट नव्हे. दुसऱ्या ल्युकेमियात त्याचा असा उपयोगही होत नाही, त्या एका प्रकारात जनुकांची जी चुकीची गाठ पडते तिच्यावरच ते काम करतं.


सूर्यस्नान | बुधवार, दुपारी ४:१०

आणि व्हिटॅमिन डी? माझं ९ आलंय. युट्यूबवर म्हणतात डी कमी असलं की कॅन्सर होतो.


कॅनडाकर_काका | बुधवार, रात्री १०:३०

@सूर्यस्नान, अमेरिकेत २५,८७१ लोकांना रोज २००० युनिट डी किंवा नकली गोळी देऊन पाहिलं. कॅन्सर होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण ९ हे हाडांसाठी फार कमी आहे. डॉक्टरांना दाखवा, युट्यूबला नको.


गोंयचो_पाव | गुरुवार, सकाळी ८:००

मस्करी बाजूला. माझ्या थोरल्या भावाला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) त्याला व्हिटॅमिन सीची सलाईनं देत होते. एका वेळी ५० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. एकदा सलाईन घेऊन घरी आला, वहिनीने साखर मोजली, मशीन म्हणालं ४८०. त्याला मधुमेह, घरी इन्सुलिन. वहिनीने टोचलं. अर्ध्या तासात घामाघूम, बोबडी वळली. इस्पितळात नेलं तेव्हा प्रयोगशाळेतली साखर ३८. तिथल्या पोराने सांगितलं की शिरेतून एवढं सी गेलं की घरचं मशीन त्यालाच साखर समजतं. हे सलाईन देणाऱ्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

भाऊ त्यातून वाचला, कॅन्सरने चार महिन्यांनी गेला. सीने काही केलं का? मला ठाऊक नाही. एवढं सगळं वाचलं म्हणून लिहावंसं वाटलं.


केतकीचं_बन | गुरुवार, सकाळी ८:२५

दादा, खूप वाईट वाटलं. लिहिलंत ते बरं केलंत.


पेशीवेल्हाळ | गुरुवार, सकाळी ९:३०

गोंयकार दादा, हे लिहिल्याबद्दल आभार. सीबद्दल थोडं, कारण ते अर्धवट ऐकून लोक फसतात.

लायनस पॉलिंग, दोन नोबेल मिळालेला माणूस. त्यांनी आणि स्कॉटलंडच्या ईवन कॅमेरन यांनी १९७६ मध्ये शंभर शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना रोज १० ग्रॅम सी दिल्याचं आणि ते जास्त जगल्याचं लिहिलं. तुलना मात्र जुन्या कागदपत्रांतल्या रुग्णांशी. मेयो क्लिनिकने चिठ्ठी टाकून, नकली गोळी ठेवून दोनदा तपासलं, काही फायदा नाही. पॉलिंग यांच्या बाजूचे म्हणाले, मेयोने तोंडावाटे दिलं, आम्ही आधी शिरेतून देत होतो. यात तथ्य होतं. तोंडावाटे कितीही घ्या, आतडं एका मर्यादेपलीकडे घेत नाही. शिरेतून रक्तात कैक पट चढतं, आणि इतक्या मात्रेत सी ठिणग्या विझवत नाही, उलट हायड्रोजन पेरॉक्साइड बनवून स्वतःच ठिणग्या पाडतं. बशीतल्या काही कॅन्सरच्या पेशी त्याने मरतात, हे खरं आहे. पण बशीत फिनाइलनेसुद्धा मरतात. माणसात त्याने आयुष्य वाढतं हे अजून पक्कं झालेलं नाही. आणि देण्याआधी जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) तपासावंच लागतं, नाहीतर तांबड्या पेशी फुटतात. मूत्रपिंड अधू असेल तर तेही जपावं लागतं.


व्यवस्थापक | गुरुवार, सकाळी ११:००

"कॅन्सर मुळापासून, २१ दिवसांत" अशा जाहिरातीचा आणि मोबाइल नंबरचा एक प्रतिसाद उडवला आहे. सदस्यत्वही. धागा चांगला चालला आहे, चालू द्या.


शंकासुर | गुरुवार, सकाळी ११:२०

मूळ प्रश्नाकडे वळूया. फॉलिक पालकातून काढलं म्हणता. मग मावशींनी पालक, मेथी, अळू सगळं सोडायचं का?


ताटवाटी_शमा | गुरुवार, दुपारी १२:४०

नाही. मी आहारतज्ज्ञ आहे. भाजीतलं फोलेट गोळीतल्या फॉलिक ॲसिडपेक्षा कमी शोषलं जातं, आणि बरंचसं उकळत्या पाण्यात निघून जातं. वाटीभर पालेभाजीने औषधाचं गणित बिघडत नाही. जुलाब चालू असतील तेवढे दिवस मात्र पालेभाजी तशीही नको, मऊ भात, ताक, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा असं चालवा. कच्ची कोशिंबीर काही दिवस टाळा, जंतूंसाठी, फोलेटसाठी नाही. आणि तोंड आलंय तर तिखट नको, हे रस्सासाहेबांच्या घरी सांगू नका.


झणझणीत_रस्सा | गुरुवार, दुपारी १२:५५

निषेध.


केतकीचं_बन | शनिवार, संध्याकाळी ६:१०

अपडेट देते. शुक्रवारी मावशीला घेऊन गेले होते. हे सगळं वाचून गेल्यामुळे पहिल्यांदा मला प्रश्न विचारता आले. डॉक्टर म्हणाले, कोणी सांगितलं हे तुम्हाला? मी म्हटलं, हमालांची माहिती असलेली एक मैत्रीण आहे. त्यांना काही कळलं नाही.

तिसरी फेरी एक आठवडा पुढे ढकलली आणि गोळीची मात्रा थोडी कमी केली. तळव्यांना लावायला युरियाचं मलम दिलं. तोंड बरंच सुधारलंय. हिमोग्लोबिन ८.९ आहे, म्हणून लोह शिरेतून देणार, त्यात फॉलिक नसतं. सीच्या गोळ्यांबद्दल म्हणाले, नाही घेतल्या तर बरं, त्यापेक्षा मोसंबी खा. मल्टिव्हिटॅमिन औषध संपेपर्यंत नाही.

काका तिथेच होते. मावशीने त्यांना सगळं समजावून सांगितलं, हमालासकट, आणि वर म्हणाली, "तुमचा हमाल पगारी आहे, माझा आगाऊ." काका इतके हसले की सिस्टर धावत आली. त्यांची गोळी त्या दिवशी घरी विसरली होती, मग मीच खालच्या मेडिकलमधून आणून दिली. मावशीने पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचली आणि मगच त्यांच्या हातात दिलं.

आता अडचण एकच. मामेभावाचा काल फोन आला होता. दुसरी बाटली कुरियरने निघालीय, या वेळेस डबल स्ट्रेंग्थ.


औषधवाली | शनिवार, संध्याकाळी ६:३५

येऊ द्या. आली की सील फोडू नका, पाठीमागचा फोटो काढून इथे टाका, मी वाचून सांगते काय आहे ते.